कागद नसलेली बंदी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला शाळेतून फोन आला. "तुमची मुलगी जिन्यावरून पडलीय. थोडं लागलंय, घ्यायला या." मुलगी तेव्हा दुसरीत होती. ऑफिसपासून शाळा रिक्षानं वीस मिनिटांवर. मी पोचले तेव्हा गेट बंद होतं. जाळीच्या फटीतून एक रजिस्टर बाहेर आलं. नाव, मोबाइल नंबर, कोणाला भेटायचं, काम, आल्याची वेळ. माझ्या वरच्या ओळीत 'काम' या रकान्यात कोणीतरी 'आरओ सर्व्हिसिंग' असं लिहिलं होतं. त्याखाली मी लिहिलं, 'मुलगी पडली आहे'. वॉचमननं ते वाचलं आणि म्हणाला, "ताई, ऑफिसातून निरोप आल्याशिवाय सोडता येत नाही."

निरोप यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात आरओवाला आत गेला, फिल्टर बदलून बाहेर आला आणि स्कूटर सुरू करून निघूनही गेला. मग एक मावशी मुलीचा हात धरून तिला घेऊन आल्या. हनुवटीला रुमाल धरलेला, रुमाल लाल झालेला. दवाखान्यात तीन टाके पडले. रिक्षात ती म्हणाली, "मला खिडकीतून तू दिसत होतीस. मी हात पण केला."

त्या रात्री मी शाळेला एक ईमेल लिहिला. दोनच प्रश्न विचारले होते: ती कशी पडली, आणि रक्त येत असलेल्या मुलीच्या आईला चाळीस मिनिटं बाहेर का उभं केलं? उत्तर आलं नाही. आठवड्यानं ओपन हाऊस होतं. इतर पालक ओळखपत्रं दाखवून आत जात होते. माझं कार्ड बघून वॉचमन अवघडला. "ताई, तुम्हाला सोडू नका असं सांगितलंय."

"कोणी?"

"ऑफिसातून."

"लेखी दिलंय का?"

"आम्हाला कसलं लेखी? तोंडीच."

वर्ष संपेपर्यंत मी त्या गेटाच्या आत गेले नाही. ओपन हाऊसला, निकालाला मुलीचे बाबा एकटे गेले. मला बंदी आहे असं मुख्याध्यापकांनी, संस्थेनं, वर्गशिक्षिकेनं एका शब्दानंही कधी कळवलं नाही. मी विचारायला गेले असते, तर "बंदी? कसली बंदी?" असंच उत्तर मिळालं असतं. जूनमध्ये आम्ही शाळा बदलली.

ती गोष्ट मनात राहिली आणि पुढे कामाच्या निमित्तानं मी इतर पालकांशी, शिक्षकांशी, शाळांच्या गेटांवर उभ्या असलेल्या माणसांशी बोलत गेले. शाळेच्या आवारात पालकाचा हक्क नेमका किती, हे कायद्यांत शोधत गेले. हा लेख त्या शोधाचा आहे.

गेट का बंद झालं

गेट बंद करणाऱ्यांची बाजू आधी सांगायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेला अजूनही नावापुरतंच फाटक असतं. आई शेतावर जाता जाता डोकावते, आजोबा ओट्यावर बसून राहतात. शहरातल्या शाळाही एके काळी बऱ्याचशा अशाच होत्या. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या शाळेवर हल्ला झाला, त्यात शंभराहून अधिक मुलं मारली गेली. त्यानंतर आपल्याकडेही शाळांच्या सुरक्षेच्या सूचना निघाल्या, कुंपणाच्या भिंती उंच झाल्या. ८ सप्टेंबर २०१७ रोजी गुरुग्राममधल्या एका नामांकित शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. चारच दिवसांत सीबीएसईनं परिपत्रक काढलं: कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, बाहेरच्यांच्या प्रवेशावर नियंत्रण ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवा. त्याच परिपत्रकात आणखी एक सूचना होती, की सुरक्षेच्या प्रश्नांसाठी पालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांची समिती नेमा. गेटावरचं रजिस्टर ठिकठिकाणी आलं. समितीबद्दल मी ज्या पालकांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांनी ती कधी ऐकलीही नव्हती.

तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करून निवृत्त झालेल्या एका मुख्याध्यापिका बाईंना मी विचारलं, तुम्ही पालकांना का अडवत होता? त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "मधल्या सुटीत एका मुलानं दुसऱ्याला ढकललं. दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना त्या मुलाचे वडील थेट आत आले आणि त्यांनी दहा वर्षांच्या पोराची कॉलर धरली. चाळीस मुलं बघत होती. त्या दिवसापासून मी गेट बंद ठेवलं, आणि आजही ठेवीन." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण गेटावर कोण थांबलंय हे मला पाच मिनिटांत कळायला हवं, असा माझा नियम होता. आता तीन-तीन हजार मुलांच्या शाळा झाल्यात. गेटावर कोण थांबलंय हे मुख्याध्यापकांपर्यंत पोचतच नाही."

गेटावरचा माणूस बहुतेक ठिकाणी एजन्सीचा असतो, शाळेचा नसतो. बारा तासांची ड्युटी. त्यातल्या एकानं मला सांगितलं, "सोडलं तर आमची नोकरी जाते, नाही सोडलं तर तुमच्या शिव्या खायच्या. पालकांना वाटतं आम्हीच अडवतो." त्याचं म्हणणं खरं आहे. अडवण्याचा निर्णय वरच्या मजल्यावर होतो आणि तो बोलून दाखवण्याचं काम सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या वाट्याला येतं.

पालकाचं आत काय आहे

हे आधीच स्पष्ट करायला हवं: पालकाला शाळेत वाटेल तेव्हा शिरण्याचा हक्क देणारं कलम आपल्या शिक्षण हक्क कायद्यात नाही. तसं असूही नये. वर्ग चालू असताना कोणीही आत आलं तर शिकवायचं कसं, आणि मुलं सुरक्षित कशी राहणार?

पण याच कायद्यानं पालकाला शाळेच्या आत एक जागा दिली आहे, आणि ती पाहुण्याची नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यातले किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा तयार करणं, अनुदान कुठे खर्च होतं ते बघणं ही या समितीची कामं. २०१२ च्या दुरुस्तीनं अनुदानित शाळांमध्ये या समितीची भूमिका केवळ सल्ल्यापुरती उरली. तरी कागदावर का होईना, चार खुर्च्यांपैकी तीन खुर्च्या पालकांच्या आहेत.

खासगी विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागू नाही. तिथे आपल्या राज्याचा वेगळा कायदा आहे: महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. फीवाढीच्या भांडणांत त्याचं नाव येतं, म्हणून तो फक्त फीचा कायदा आहे असा समज झाला आहे. पण त्याच्या कलम ४ नं पालक-शिक्षक संघाला कायद्याचा आधार दिला. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत मुख्याध्यापकांनी हा संघ स्थापन करायचा असतो. शाळेतल्या प्रत्येक मुलाचा पालक त्याचा सदस्य. कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक, आणि इच्छुक पालकांतून नावं काढायची ती चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांसमोर. नावांची यादी सूचना फलकावर लावायची. फी किती असावी याला मान्यता देण्यात या समितीचा वाटा आहे.

म्हणजे कायद्याच्या नजरेत मी ज्या गेटाबाहेर उभी होते, त्या खासगी शाळेच्या एका कायदेशीर संघाची मी सदस्य होते. मला ते माहीत नव्हतं. बाकीच्या पालकांनाही माहीत नव्हतं. सूचना फलक गेटाच्या आत होता.

धमकीचे शब्द पालकांना पाठ असतात. "पटत नसेल तर दाखला घेऊन जा." पहिली ते आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नं मनाई केली आहे. कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. पालकानं प्रश्न विचारला म्हणून मुलाला वर्गात टोमणे मारले, शेवटच्या बाकावर बसवलं, स्नेहसंमेलनाच्या नाचातून काढलं, तर ते या कलमात बसतं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं या कायद्याबाहेर ठेवलं, हे तिथल्या पालकांनी लक्षात ठेवायला हवं.

दुसरी धमकी पोलिसांची. खासगी शाळेत 'अतिक्रमणाची केस टाकू' म्हणतात. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत 'सरकारी कामात अडथळा' हे शब्द येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे गुन्हेगारी अतिक्रमण होण्यासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. लोकसेवकाला कामापासून रोखण्याच्या कलम १३२ ला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. मुलीच्या हनुवटीला काय झालं, हे शांतपणे विचारणं या दोन्हींत बसत नाही. धमकावणं, हात उगारणं, शिक्षिकेच्या अंगावर धावून जाणं बसतं, आणि बसलंच पाहिजे.

कायदे वाचून झाल्यावर जे हाती लागतं ते असं: पालकाला कधीही आत येण्याचा हक्क नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्या पालकाला कायमचं बाहेर ठेवण्याचा हक्क शाळेलाही कोणी स्पष्टपणे दिलेला नाही. या दोन्हींच्या मधली जागा कायद्यानं रिकामी सोडली आहे. तिथे काय करायचं, ते वॉचमनला दिलेला तोंडी निरोप ठरवतो.

इंग्लंडातलं पत्र

ही रिकामी जागा भरता येते, हे मला इंग्लंडचे नियम वाचताना कळलं.

१९९६ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेन या गावी एका बंदूकधाऱ्यानं शाळेत शिरून १६ मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला मारलं. ब्रिटनमधल्या शाळांची सुरक्षा त्यानंतर बदलली. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यातलं कलम ५४७ शाळेच्या आवारात गोंधळ घालणाऱ्याला ५०० पौंडांपर्यंत दंड करतं. तिथेही शाळा ही खासगी जागाच मानली जाते. पण पालकाला ठरावीक वेळी, ठरावीक कामासाठी आत येण्याची परवानगी असल्याचं कायदा गृहीत धरतो. ती परवानगी शाळा काढून घेऊ शकते. मात्र ती कशी काढायची, हे शिक्षण खात्यानं शाळांना सांगून ठेवलं आहे. पालकाला लेखी कळवा. त्याला आपली बाजू मांडायची संधी द्या. तात्पुरती बंदी लगेच घालायची असेल तर घाला, पण त्याचं म्हणणं ऐकल्यावरच ती पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवा. आणि ठरलेल्या मुदतीनं त्या निर्णयाचा फेरविचार करा.

म्हणजे तिथे पालकाला अडवायचं तर मुख्याध्यापकांना पत्र लिहावं लागतं. पत्र लिहायचं म्हणजे कारण लिहायचं. कारण लिहिलं की ते खरं आहे का, पुरेसं आहे का, हे कोणीतरी तपासू शकतं.

पत्र असलं म्हणून अन्याय होतच नाही, असं नाही. हर्टफर्डशर परगण्यातल्या बोरहॅमवुडमध्ये एक प्राथमिक शाळा नवा मुख्याध्यापक कसा निवडणार, असं एका दाम्पत्यानं विचारलं. प्रकरण ईमेल आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या शब्दांपर्यंत गेलं. दोघांना शाळेच्या आवारात बंदी झाली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या घरी सहा पोलीस आले आणि दोघांना अटक झाली. पाच आठवड्यांच्या तपासानंतर कारवाई करण्यासारखं काही नाही, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच वर्षाच्या अखेरीस पोलिसांनी अटक बेकायदा असल्याचं मान्य केलं आणि २०,००० पौंडांची भरपाई दिली. इतकं सगळं होऊनही त्या पालकांच्या हातात कागद होते: बंदीचं पत्र, ईमेल, तारखा. त्यांच्या जोरावर देशभर चर्चा झाली आणि यंत्रणेला उत्तर द्यावं लागलं.

अमेरिकेतली न्यायालयं पालकाच्या बाजूनं फारशी उदार नाहीत. शाळेच्या आवारात मनात येईल तेव्हा येण्याचा घटनात्मक हक्क पालकाला नाही, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. पण २०१७ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या एका प्रकरणात अपील न्यायालयानं एक रेषा आखली. सगळ्या जनतेला खुल्या असलेल्या शाळेच्या सामन्यातून एका वडिलांना ते शाळेवर टीका करतात म्हणून बाहेर ठेवता येणार नाही. त्याआधी २०१४ मध्ये व्हरमाँटमधल्या एका न्यायालयानं पालकाला शाळा मंडळाच्या सभांपासून दूर ठेवणारी नोटीस घटनाबाह्य ठरवली. वर्तनासाठी अडवता येईल, मतासाठी नाही, हा या निकालांचा गाभा.

आपल्याकडे असं प्रकरण न्यायालयात न्यायचं म्हटलं तर पहिल्याच पायरीला अडतं. आव्हान कशाला द्यायचं? निर्णयाची प्रत जोडा म्हटलं तर जोडायला काही नसतं. ज्या बंदीचा कागद नाही, तिच्याविरुद्ध अपीलही नाही.

बदलापूर

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीच्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात दहा तासांहून अधिक ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि बदलापूरहून जाणाऱ्या गाड्या दिवसभर अडून राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. प्रकार कळूनही शाळेनं पोलिसांना का कळवलं नाही, हा प्रश्न न्यायालयानं विचारला. 'पॉक्सो' कायद्याच्या कलम १९ नुसार अशी शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

राज्य सरकारनं लगेच शासन निर्णय काढला. शाळांत महिनाभरात सीसीटीव्ही बसवा, मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या कामाला लावा, तक्रारपेट्या ठेवा, कर्मचाऱ्यांची पडताळणी करा.

या सगळ्याची गरज होतीच. पण बदलापूरनं जे दाखवलं, ते गेटाच्या संदर्भात नीट वाचायला हवं. धोका गेटाबाहेरून आलेला नव्हता. तो शाळेच्याच कामावरच्या माणसाकडून आला होता, ज्याला रजिस्टरमध्ये सही करावी लागत नाही. आणि तो ओळखला तो घरच्यांनी. लेकराचं बोलणं, चालणं, शू करताना रडणं हे आईला, आजीला कळलं. मुलाच्या सुरक्षेची सगळ्यात जागी यंत्रणा घरचं माणूस असतं, आणि तीच यंत्रणा आपण गेटाबाहेर उभी करतो. पालकाला आत घेणं आणि मुलाला सुरक्षित ठेवणं या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी आहेत, असा समज गेल्या दशकात रुजला. बदलापूरनंतर तरी तो मोडायला हवा होता. झालं असं की बऱ्याच शाळांनी गेटाची वेळ आणखी आवळली.

ज्यांना गेटापर्यंतही जाता येत नाही

मी ईमेल लिहिला, कारण मला ईमेल लिहिता येतो. आमच्या इमारतीत स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा मुलगा शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के राखीव जागांमधून एका इंग्रजी शाळेत शिकतो. वर्षभरात त्या शाळेत किती वेळा गेलात, असं मी त्यांना विचारलं. "दोनदा. प्रवेशाला आणि निकालाला." मध्ये कधी काही विचारावंसं वाटलं नाही का? त्या म्हणाल्या, "वाटतं ना ताई. पण आपलं लेकरू त्यांच्या ताब्यात असतं. आपण बोललो की त्रास त्याला."

हे वाक्य मला इतक्या पालकांनी इतक्या वेगळ्या शब्दांत सांगितलं, की सगळ्या कलमांपेक्षा तेच मोठं वाटायला लागलं. गेट बंद करायला शाळेला वॉचमनचीही गरज नसते. लेकरू आत आहे, एवढं पुरतं.

आणखी एक गट आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही: वेगळे राहणारे आई-बाबा. एका आईनं मला सांगितलं, की मुलाच्या वडिलांनी फोनवर "हिला मुलाला भेटू देऊ नका" असं सांगितलं आणि शाळेनं तिला गेटावर थांबवलं. न्यायालयाचा कुठलाही आदेश नव्हता. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आईचा क्रम बापानंतर लिहिला आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या 'नंतर' शब्दाचा अर्थ 'त्याच्या अनुपस्थितीत' असा लावला आणि आईलाही नैसर्गिक पालक म्हणून उभं केलं. मुलाचा ताबा कोणाकडे आणि भेट कशी, हे ठरवणं कौटुंबिक न्यायालयाचं काम आहे. फी भरणाऱ्याच्या एका फोनवर ते ठरवण्याचा अधिकार शाळेला नाही. शाळेनं आदेशाची प्रत मागावी. आदेश असेल तर तो काटेकोर पाळावा. नसेल तर दोघांनाही सारखं वागवावं.

अंगणात गेलेली शाळा

हे सगळं लिहिताना मला राहून राहून ताराबाई मोडक आठवतात. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचा उगम तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. अंगणात शाळा भरली की आई चुलीपुढून उठून बघू शकते, आजी मध्येच बोलू शकते, बाई काय शिकवतात ते सगळ्यांना दिसतं. पालकाला आत घ्यायचं की नाही, हा प्रश्नच तिथे येत नाही, कारण शाळाच पालकाच्या घरी आलेली असते.

ती शाळा आज शहरात जशीच्या तशी आणता येणार नाही. पण तिचा विचार अजून जिवंत आहे. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारासाठी समाजसहभागाच्या गटात पहिल्या दहांत आली. गावानं शाळेला आपलं मानलं आणि शाळेनं गावाला आत घेतलं, या गोष्टीची ती दाद होती. हे करणारी शाळा सरकारी आहे, लहान आहे, आणि मराठी माध्यमाची आहे.

काय करता येईल

मला राज्य सरकारकडून एक साधा नियम हवा आहे. कोणत्याही शाळेला कोणत्याही पालकाला आवारात यायला मनाई करायची असेल, तर ती लेखी असावी. तिच्यात कारण असावं आणि ते पालकाच्या वर्तनाबद्दल असावं. तक्रारीबद्दल, फीबद्दल किंवा मताबद्दल नसावं. पालकाचं म्हणणं ऐकून घेतलेलं असावं. मनाईला मुदत असावी. आणि तिच्याविरुद्ध शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागता यावी. मनाई चालू असतानाही तीन दारं कधी बंद होऊ नयेत: मूल आजारी किंवा जखमी असेल तेव्हाचं दार, मुलाच्या प्रगतीची माहिती मिळण्याचं दार, आणि पालक-शिक्षक संघात मत देण्याचं दार.

असा नियम येईपर्यंत पालकानं काय करावं? शाळेशी जे बोलायचं ते लेखी बोलावं. अर्जाची दुसरी प्रत घेऊन तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवावा. गेटावर अडवलं तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लिहावं, की मला अमुक वाजता अडवलं, कारण लेखी कळवावं. तोंडी बंदीला कागदावर आणण्याचा हा एकमेव मार्ग आहे. शाळा व्यवस्थापन समितीची किंवा कार्यकारी समितीची यादी मागावी. अनुदानित शाळेला माहितीचा अधिकार थेट लागू होतो. विनाअनुदानित शाळेबद्दलची माहिती शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत मागता येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत अपेक्षित आहे, आणि पुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. शक्यतो एकट्यानं जाऊ नये. पाच पालकांच्या सह्यांचा अर्ज दिला तर एकाच मुलाकडे बोट दाखवता येत नाही.

माझी मुलगी आता आठवीत आहे, वेगळ्या शाळेत. दोन वर्षांपूर्वी तिथे पालकांच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझं नाव निघालं. पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, पालकांना गेटावर कधी थांबवायचं, कधी सोडायचं, हे आपण एका पानावर लिहूया. मुख्याध्यापिका बाईंना आधी शंका वाटली, मग पटलं. मराठीत एक पान तयार झालं. मूल आजारी असेल तर पालकाला लगेच आत घ्यायचं, ही त्यातली पहिली ओळ. कोणाला मनाई करायची असेल तर पत्र देऊन, बोलावून घेऊन, मुदत ठरवून, ही शेवटची. ते पान लॅमिनेट करून गेटाच्या बाहेरच्या बाजूला लावलं.

ते पान पहिल्यांदा वापरलं गेलं ते एका वडिलांना अडवण्यासाठी. त्यांनी बस उशिरा आली म्हणून शिक्षिकेला सगळ्यांसमोर अर्वाच्य शिव्या दिल्या होत्या. त्यांना पत्र गेलं, समितीपुढे बोलावलं गेलं. मी त्या बैठकीत होते. ते आधी चिडून बोलले, मग गप्प झाले. पंधरा दिवसांची मनाई झाली. त्या पंधरा दिवसांत त्यांच्या मुलाला ताप आला, तेव्हा पहिल्या ओळीप्रमाणे त्यांना आत घेतलं गेलं. मुदत संपल्यावर ते आले, शिक्षिकेला भेटले, माफी मागितली. मुलाला वर्गात कोणी काही बोललं नाही.

मनाईच्या त्या दिवसांत एकदा वॉचमन काकांनी त्यांना गेटावर थांबवलं होतं, तेव्हा मी योगायोगानं तिथेच होते. वडील आवाज चढवून म्हणाले, "कोणी सांगितलं मला सोडू नका म्हणून?" काकांनी भिंतीवरच्या पानाकडे बोट केलं, खिशातून पत्राची प्रत काढून त्यांच्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाले, "इथे लिहिलंय साहेब. वाचून घ्या. पंधरा तारखेनंतर या."